एक किलो नऊशे साठ

मी शाळेत गेलेली बाई नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी माझ्या वेलांट्या मोजायला नको. चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवली, अक्षरं तिथंच शिकले, दळणाच्या डब्यांवरून. डबा कुणाचा ते ठाऊक असायचं, त्यावर नाव घातलेलं असायचं, मग नावावरून अक्षर ओळखायचं. आकडे काट्यावरून आले. इंग्रजी मला दोनच अक्षरं येतात, जी आणि एम, ग्रॅमची. पण त्या दोन अक्षरांवर मी एक डॉक्टर धरला.

मला सूड घ्यायचा होता. न्याय, हक्क हे शब्द नंतर लोकांनी लावले. एकजण तर पेपरात देऊ का म्हणून विचारायला आला. मी म्हणाले, बाबा, न्याय तुझ्याकडं ठेव, मला त्या माणसाची मान खाली गेलेली बघायची होती. शेवटी म्हातारी माफ करील असं वाटून कुणी वाचत असेल तर इथंच थांबावं.

माझी नात. तिची आई, म्हणजे माझी लेक, पोर चार वर्षांची असताना गेली. तेव्हापासून पोरगी माझ्याकडं. गिरणीतच वाढली. केसांत पीठ, पापण्यांवर पीठ, लोक म्हणायचे, आक्का, तुमच्या आधी तुमची नातच म्हातारी झाली. पारनेरकडं दिली. नवरा कंपनीत, चांगला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्यात ओटी भरून घेऊन आलो. माहेर म्हणजे मीच.

आमच्या उपकेंद्राच्या सिस्टर म्हणत होत्या, सरकारी दवाखान्यात दाखवा. मी नको म्हणाले. तालुक्याला नगर रस्त्यावर काचांचा नवा दवाखाना झालाय, तिथं दाखवू, पोरीला काही कमी नको. आता जिल्ह्याचं नाव बदललं, अहिल्यानगर म्हणायचं, पण माझ्या तोंडी नगरच येतं. तर त्या काचा बघून भुलले ती मी. हे मी कुणावर ढकलत नाही. पण ज्यानं भुलवलं त्याचं मी त्याच्या पदरात घातलं.

आठवा चालू होता. त्या दिवशी सकाळी चहा घेता घेता पोरगी म्हणाली, "आज्जी, आज हालत न्हाई गं."

"झोपलं असंल."

"रात्रीपासनं न्हाई."

मी कप तसाच ठेवला. माझ्या मुलाला गाडी काढायला लावली. नऊ वाजता आम्ही दवाखान्यात. दारातून आत गेलं की उजव्या हाताला एक लांब स्टीलचं बाकडं आहे, त्यावर बसवलं. नर्स म्हणाली, डॉक्टर येतायत. दहा वाजले, येतायत. अकरा वाजले, निघालेत. मी म्हणाले, बाई, निदान ठोके तरी बघ. ती म्हणाली, ते डॉक्टरच बघतात. पोरीनं माझा हात पोटावर ठेवला होता. मी दाबून बघत होते, कणीक बघावी तसं. काही नाही.

एक वाजता डॉक्टर आला. कपाळाला कुंकू, अंगाला साजूक तुपाचा वास. नव्या बंगल्याची वास्तुशांत होती. मशीन लावलं, इकडून फिरवलं, तिकडून फिरवलं, आणि म्हणाला, "ठोके नाहीत."

पाचच्या सुमाराला पोरगी मोकळी झाली. मुलगा होता. नर्स म्हणाली, आईला दाखवू नका, त्रास होतो. आमच्यातही तसंच म्हणतात, म्हणून मी गप्प बसले. हेही माझंच चुकलं. कापडात गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि एक चिठ्ठी दिली. वाटेत कुणी अडवलं तर दाखवा.

जावईबापू कामावरून निघाले होते, ते येईपर्यंत पोरीजवळ माझी सून बसली. मी आणि मुलगा निघालो, पुरायला.

गाडीत गाठोडं मांडीवर होतं. चिठ्ठी हातात. इंग्रजीत लिहिलेली, मला काय कळणार. पण मधेच आकडा दिसला. 700, आणि पुढं जी, एम.

मी परत बघितलं. सातशे ग्रॅम.

आता ऐका. चाळीस वर्षं हातानं डबे उचललेत मी. बाई डबा ठेवायच्या आत मी सांगते, चार किलोला पावशेर कमी आहे, आणि काटा तेच सांगतो. सातशे ग्रॅम म्हणजे किलोचं पुडकं, तेही भरलेलं नाही. माझ्या मांडीवर होतं ते दोन किलोच्या आसपास होतं. हात खोटं सांगत नाहीत. कागद सांगतो.

मुलाला म्हणाले, "रानात नको. आधी गिरणीवर घे."

"आई, असलं काय बोलतीस?"

"घे म्हणते ना."

गिरणीसमोर चार बायका डबे घेऊन बसल्या होत्या. त्यात माझी धाकटी जाऊ. हिची माझी बांधावरून बारा वर्षांची भांडणं. दळणापुरतं बोलणं, कारण गावात दुसरी गिरणी नाही. मी उतरले, कुलूप काढलं, दिवा लावला. काट्याची परात पुसली. मग त्याच मापाचं दुसरं कापड परातीत ठेवून काटा शून्यावर आणला. आमच्यात त्याला धडा करणं म्हणतात. डब्याचं वजन धान्यात धरायचं नसतं, कापडाचं लेकरात धरायचं नाही. आणि गाठोडं ठेवलं.

जाऊ उठून उभी राहिली. "आक्का! अन्नाच्या काट्यावर?"

"आकडा वाच."

"खंडेनवमीला याच काट्याला हळदकुंकू वाहतीस गं बये, त्याच्यावर..."

"माझ्या डोळ्यांना दिसत न्हाई. आकडा वाच. मोठ्यानं."

खरंच दिसत नव्हतं. तिनं वाचलं. "एक किलो नऊशे साठ." आणि पदर तोंडाला लावून बाहेर पळाली. तिच्या मागं बाकीच्या तिघी. डबे तिथंच राहिले.

मग रानात गेलो. बायकांनी जायचं नसतं, मी गेले. लिंबाखाली, मीठ घालून. मी मुलाला सांगितलं, खोल खण, एक किलो नऊशे साठ आहे.

दोन दिवसांनी पोरगी घरी आली ती भिंतीकडं तोंड करून पडली. डॉक्टरनं कार्ड दिलं होतं, मुलानं वाचून दाखवलं, त्यावरही तेच सातशे. गर्भपात, चोवीस आठवडे. बाकी सगळी फाईल, सोनोग्राफीचे कागद, सिस्टरनी दिलेलं कार्डसुद्धा, त्यानं ठेवून घेतलं. मागायला मुलगा गेला तर म्हणे सापडत नाही.

"आज्जी," ती भिंतीशीच बोलली, "डॉक्टर म्हणले तुझ्या तारखाच चुकल्यात. माझ्या खरंच चुकल्या का गं?"

मी म्हणाले, न्हाई. पण तिला ते पुरलं नाही. आणि आठव्या दिवशी तिच्या सासूचा फोन आला. गोड बोलणारी बाई, फोनवर जास्तच. म्हणाली, "विहीणबाई, डॉक्टर म्हणतेत चोवीस आठवडे. आमी बोटं मोजली. त्या वक्ताला आमच्या पोराला कंपनीनं परराज्यात धाडलं हुतं की. दोन म्हैने घरी न्हवता."

फोन स्पीकरवर होता. पोरगी ऐकत होती.

डॉक्टरला हे ठाऊकही नसेल. त्याला स्वतःची कातडी वाचवायची होती, त्यानं तेहतीस आठवड्यांचे चोवीस केले, दोन किलोचे सातशे केले. त्या आकड्यांनी पुढं कुणाचा गळा कापला हे बघायला तो थांबला नाही. मारायचं म्हणून मारलं असतं तर एक वेळ समजलं असतं. यानं बघितलंच नाही. त्या फोननंतर मी ठरवलं, याला बघायला लावायचं.

सिस्टरकडं गेले. त्यांनी आपलं रजिस्टर काढलं. पोरीची शेवटच्या पाळीची तारीख त्यात होती, तिसऱ्या महिन्यात ती माझ्याकडं राहायला आली होती तेव्हा लिहिलेली. त्यांनी बोटानं मोजून दाखवलं, तेहतीस आठवडे.

"मग त्यानं चोवीस का लिहिलं?"

सिस्टर दाराकडं बघून हळू बोलल्या. "आजी, अठ्ठावीस आठवड्यांच्या पुढं बाळ मेलेलं जन्मलं तर त्याला मृतजन्म म्हणतात. त्याची नोंद करावी लागते, कायदाच आहे, जन्माची असते तशी. दवाखान्यानं कळवायचं, एकवीस दिवसांत. आणि नोंद झाली की विचारतात, कसं झालं, कुणी तपासलं, किती वाजता. अठ्ठावीसच्या आत गर्भपात. त्याची नोंद कुठंच नाही. कुणी विचारत नाही."

म्हणजे आमच्या लेकराला त्यानं असं कापून, छाटून, दाराबाहेर बसेल एवढं केलं होतं.

मी आधी आमच्या ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, "आजी, जिथं घडलं तिथंच नोंद करायची. गावात न्हाई. नगरपालिकेत जा." मग जरा घुटमळले. कपाटातून कागद काढला. "पण तुमी आलाच हाय तर... तुमच्यावरच अर्ज आलाय."

कागद जावेनं दिला होता. लेकराला पुरलं त्याच्या तिसऱ्या दिवशी. पोराकडून लिहून घेतलेला, खाली अकरा बायकांच्या सह्या, तिघींचे अंगठे. वाचायला मला वेळ लागला, पण वाचला. सदर गिरणीच्या मालकिणीने अन्नधान्याच्या काट्यावर एक किलो नऊशे साठ ग्रॅम वजनाचे मृत अर्भक तोलले असून, आम्हा महिलांच्या भावना दुखावल्या आहेत, तरी सदर गिरणी बंद करण्यात यावी.

वर ग्रामपंचायतीचा आवक शिक्का. तारखेसकट.

भाऊसाहेबांना वाटलं मी आता रडणार किंवा शिव्या देणार. मी म्हणाले, "भाऊसाहेब, याची शिक्क्याची नक्कल द्या."

"कशाला?"

"माझ्या बदनामीची आठवण म्हणून."

नक्कल घेतली, घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवली आणि जावेच्या दारावरून मुद्दाम हळू चालत गेले. ती ओट्यावर बसून कुणाला तरी तेच सांगत होती. तिसगावच्या बाजारापर्यंत पोचवलं होतं बाईनं. ज्या बायका चाळीस वर्षं माझ्याकडं दळायच्या त्या आता टेम्पोत डबे टाकून दुसऱ्या गावी जायला लागल्या होत्या. गिरणी दिवसभर गप्प. मुलगा म्हणाला, आई, काकूचं तोंड बंद करतो. मी म्हणाले, खबरदार. बोलू दे तिला. आकडा तेवढा विसरली नाही म्हणजे झालं.

नगरपालिकेच्या जन्म-मृत्यूच्या टेबलावर एक तरुण कारकून होता. ऐकून घेतलं त्यानं, एवढं खरं. म्हणाला, "मावशी, दवाखान्यातली नोंद दवाखान्याच्याच कागदावर होते. त्यांचा फॉर्म आला पाहिजे. त्यांच्या मते गर्भपात. मी काय करू?"

"त्यांचं मत खोटं हाय."

"सिद्ध काय?"

मी काटा सांगितला. तो हसला, वाईट हसला नाही. "गिरणीच्या काट्यावर माणूस?"

"त्या काट्याला दरसाल वजनमापेवाले शिक्का मारतात. सरकारचा शिक्का ज्वारीला खरा आणि लेकराला खोटा का?"

त्यानं कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. मग त्यानं मला सांगितलं काय काय लिहायचं ते. अर्ज मीच लिहिला, माझ्या अक्षरात, डब्यावरच्या. एक अर्ज त्याला, एक तालुक्याच्या आरोग्य अधिकारी मॅडमना. पालिकेनं दवाखान्याला पत्र धाडलं, दवाखान्याचं उत्तर आलं, आमच्याकडं असा मृतजन्म झालेला नाही. परत पत्र. यात महिना उलटला, आता उशिराची नोंद म्हणून वरची परवानगी आणि प्रतिज्ञापत्र. तेही केलं. मी दर आठवड्याला जाऊन त्या कारकुनासमोर उभी राहायचे. तो म्हणायचा, मावशी, बसा. मी म्हणायचे, बसायचं बाकडं माझं दुसरीकडं हाय.

मग एक दिवस डॉक्टर स्वतः गिरणीवर आला. पांढरी गाडी दारात. आत आला, बुटांवर पीठ बसलं ते झटकत उभा राहिला.

"आजी, कशाला एवढं वाढवता? तुम्हाला पाहिजे तरी काय?"

"कागद. तेहतीस आठवडे लिहिलेला, तुमच्या सहीचा."

"कागदानं बाळ परत येणार आहे का?" असं म्हणून त्यानं डोकं एका बाजूला कलवलं, देवळात उभं राहतात तसं. "तरुण आहे पोरगी. पुढचं बाळंतपण माझ्याकडं. एक रुपया घेणार नाही, माझा शब्द."

आधीचं त्यानं मारलं आणि पुढचं फुकट करणार होता.

मी उठले आणि गिरणीचा खटका दाबला. आत दाणा नव्हता. रिकामी गिरणी कधी फिरवायची नसते, दगड दगडाला खातो, हे चाळीस वर्षांत मी कुणाला करू दिलं नाही. त्या दिवशी फिरवली. असा आवाज उठला की त्याचे ओठ हलताना दिसत होते आणि शब्द एक येत नव्हता. तो गाडीत बसून गेला तोवर मी बंद केली नाही. दगडाला पुन्हा टाकी मारून घ्यावी लागली. चालतंय.

मग मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. त्यांच्या ऑफिसात, दुपारी. एका बाजूला डॉक्टर, मांडीवर फाईल, इस्त्रीची. एका बाजूला मी, नात, सिस्टर रजिस्टर घेऊन. आणि जाऊ. माझ्या अर्जात साक्षीदार म्हणून तिचं नाव होतं, तसं तिला पत्र गेलं होतं आणि तिला वाटत होतं की गिरणीच्या अर्जाची सुनावणी आहे. नवीन लुगडं नेसून आली होती.

सिस्टरनी तारीख दाखवली. डॉक्टर हसून म्हणाला, "मॅडम, तुम्हाला माहीत आहे, खेड्यातल्या बायकांना पाळीची तारीख नीट लक्षात राहत नाही. म्हणून तर वजन बघायचं. वजन सातशे."

मी काट्याचा दाखला काढला. गिरणीच्या भिंतीवरून चौकटीसकट काढून आणला होता, काचेवर पीठ तसंच. "वजन एक किलो नऊशे साठ."

"साक्षीदार कोण?" डॉक्टर म्हणाला. "घरच्याच बायका ना? आजी सांगतील तेच बोलणार."

मॅडम माझ्याकडं वळल्या. मी ब्लाऊजमधून नक्कल काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ती वाचली. एकदा वाचली, परत वाचली, तारखेवर बोट ठेवलं. मग जावेला म्हणाल्या, "मावशी, हा अर्ज तुमचा?"

"व्हय, माझाच! लई बरं झालं तुमी काढलात ते."

"तुम्ही यांच्या बाजूच्या का?"

जाऊ उसळली. "मी? हिच्या? अवो, बारा वर्षं बांध कोरून खाल्लाय हिनं आमचा! हिच्या बाजूची म्हणू नका मला."

"मग तुम्ही डोळ्यांनी काय बघितलं ते सांगा."

"सांगते की. म्होरंच उभी हुते मी बाजरी घिऊन. कापडाचा धडा केला आन् ठिवलं मढं काट्यावर, अन्नाच्या! आन् वर मलाच म्हणती, वाच. मी वाचलं. एक किलो नऊशे साठ. शपथ घालता का? घाला. समद्या गावाला सांगितलंय मी, एक ग्रॅम मागंपुढं न्हाई."

मॅडम डॉक्टरकडं बघून म्हणाल्या, "सातशे ग्रॅमचं बाळ गाडीत बसून वाढत नाही, डॉक्टर."

तेव्हा जावेला कळलं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिला हात जोडले. खरे जोडले की चिडवायला, ते मला आजही सांगता येणार नाही.

डॉक्टर काहीतरी बोलायला लागला, स्टाफनं लिहिलं, घाईत झालं. तेवढ्यात नात बोलली. इतके दिवस भिंतीशी बोलणारी पोरगी, तिनं मान वर केली. "मी नऊ वाजता आले हुते. तुमी एक वाजता आलात. तेबी लिवून घ्या, मॅडम." मॅडमनी लिहून घेतलं.

पुढच्या आठवड्यात नगरपालिकेच्या टेबलाशी आम्ही सगळे पुन्हा उभे. डॉक्टरनं फॉर्म आणला होता. मी नातीला मुद्दाम पुढं केलं. म्हणाले, "साहेब, मला वाचता येत न्हाई." खोटं बोलले. "तुमीच वाचा. मोठ्यानं."

कारकून खाली बघून हसू दाबत होता. डॉक्टरनं वाचलं. मृतजन्म. मुलगा. बापाचं नाव वाचलं, नातीनं डोळे मिटले. आईचं नाव. जागा, त्याचा स्वतःचा दवाखाना. गर्भारपणाचा काळ, तेहतीस आठवडे.

"किती?" मी म्हणाले.

"तेहतीस."

"बरं."

आणि खाली शेवटी, मृत्यूचं कारण. तिथं त्यानं लिहिलं होतं, माहीत नाही.

सही केली, शिक्का बसला, नोंदीला नंबर पडला. आमच्या लेकराला नाव नव्हतं, आता नंबर तरी होता. डॉक्टर पेन खिशाला लावत म्हणाला, "झालं समाधान, आजी?"

"न्हाई," मी म्हणाले. "कारण माहीत न्हाई म्हणता. मला माहीत हाय."

सासूला त्या नोंदीची झेरॉक्स मी रजिस्टर पोस्टानं धाडली, पोचपावती घालून. तेहतीसाखाली लाल पेनानं रेघ ओढली. पावती सहीची परत आली, फोन आला नाही. जावईबापू दोन महिन्यांनी स्वतः न्यायला आले, दारात उभे राहिले. नातीनं त्यांना अर्धा तास उभं ठेवलं, मग पाणी दिलं. मी मधे पडले नाही. गेली ती, बरी आहे. काही बायका गिरणीवर परत आल्या, काही नाही आल्या. जाऊ परत आली, दुसरा काटा घेतला आहे का ते आधी विचारून. घेतलाय. जुना घरात आहे, देव्हाऱ्याशेजारी, कुणी काही म्हणो.

चौकशी झाली, दवाखान्याला नोटीस आली, थोडा दंड झाला असं ऐकलं. दवाखाना चालू आहे. काचा तशाच चकचकीत.

पण त्या कारणाच्या रकान्यात त्यानं जे लिहिलं नाही ते राहून गेलं होतं ना. म्हणून मी दर बाजारी नगर रस्त्याला उतरते. दवाखान्यात जाते आणि उजव्या हाताच्या स्टीलच्या बाकड्यावर बसते. नऊ ते एक. केस पिकलेल्या बाईला बाकड्यावरून उठवायचा कायदा अजून निघालेला नाही. शेजारी पोटुशी पोरी येऊन बसतात, त्यांच्या आया, सासवा. कुणीतरी विचारतंच, आजी, तुमचं कोण आत आहे? मग मी सांगते. सगळं सांगते, झेरॉक्स पिशवीत असते. काही उठून जातात. जाऊ देत.

नऊ वाजता बसताना मी नर्सला विचारते, "डॉक्टर हायेत का?"

"आहेत, आजी. आत आहेत."

पहिल्या दिवसापासून एकदाही येतायत असं उत्तर मिळालेलं नाही. मी पिशवी मांडीवर घेते आणि एक वाजेपर्यंत बसते.